रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग जबडा का दुखतोय?

विश्वामित्रीकाठची (१७ जानेवारी, रात्री ११:२०)

परवा उत्तरायणाला गच्चीवर लेकाची फिरकी धरून उभी होते. त्याने शेजारच्या सोसायटीचा पतंग कापला, सगळी गच्ची 'काप्यो छे' म्हणून ओरडली आणि मला वर बघताच येईना. मान मागे जाईचना. कापलेला पतंग मी पाहिलाच नाही, फक्त फिरकीतून मांजा सरसर सुटलेला हाताला कळला. तेव्हाच ठरवलं की इथे लिहायचं.

आम्ही वडोदऱ्यात समा भागात राहतो, तळमजल्यावर. गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या जन्माष्टमीला पाऊस लागला आणि विश्वामित्री नदी घरात शिरली. कमरेइतकं पाणी, तीन दिवस. फ्रिज, वॉशिंग मशीन, लग्नातला शालू, सासूबाईंची हार्मोनियम, सगळं गेलं. आवारात मगर दिसल्याची बातमी दर तासाला कुणीतरी आणायचं. त्यातली खरी किती, खोटी किती देव जाणे, पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून त्या गढूळ पाण्यात पाय ठेवताना पोटऱ्या आखडायच्या.

गंमत पुढे आहे. त्या वेळी मी ठणठणीत होते. चिखल उपसला, विम्याचे फॉर्म भरले, सासूबाईंना नणंदेकडे पोचवलं, लेकाचा बारावीचा क्लास बुडू दिला नाही. साधी शिंक आली नाही मला. दिवाळीत नवा फ्रिज आला, भिंतींना रंग लागला, आणि मग सुरू झालं. नोव्हेंबरच्या शेवटापासून न्हाताना जाळीवर केसांचा हा एवढा पुंजका. सकाळी उठावं तर जबडा असा ठणकतो की रात्रभर चिक्की चावत होते. पहाटे तीनला जाग येते आणि छातीत धडधड. मान तर सांगितलीच.

हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, ईसीजी, सगळं नॉर्मल. डॉक्टर हसून म्हणाले, "कंई नथी बेन, टेन्शन छे. टेन्शन नहीं लेवानुं." पाचशे रुपये दिले आणि घरी आले.

मला टेन्शन नाहीये हो! होतं तेव्हा काही झालं नाही, आता सगळं मार्गी लागल्यावर कसलं टेन्शन? की डॉक्टरला काही सापडलं नाही की तो हा शब्द वापरतो?

पापडी (१७ जानेवारी, रात्री ११:४८)

केसांबद्दल +१. कारेलीबागेत आमच्या मजल्यावर तिघी आहोत. मी शांपू बदलला, दुसरीने बोअरच्या पाण्याला फिल्टर बसवला, तिसरीने तुळजापूरला नवस बोलला. तिघींचे सारखेच गळतायत.

दाढदुखी (१८ जानेवारी, सकाळी ७:०५)

दातांचा डॉक्टर आहे, याच गावातला. ताई, आधी एक विचारतो, बाकीचं नंतर. जबडा जिना चढताना किंवा भरभर चालताना दुखतो का? दोन मिनिटं थांबलं की उतरतो का? सोबत छातीवर दडपण, घाम, दम? तसं असेल तर धागा बंद करा आणि आजच हृदयाच्या डॉक्टरकडे जा. बायकांमध्ये हृदयाचं दुखणं कधी कधी जबड्यातून, पाठीतून बोलतं, आणि बसल्या जागी काढलेला ईसीजी साफ आला म्हणून ते निकालात निघत नाही.

विश्वामित्रीकाठची (१८ जानेवारी, सकाळी ७:३०)

बापरे. नाही, ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट महिन्यातले वीस दिवस बंद. रोज चढते, काही होत नाही. दुखतं फक्त सकाळी, चहा होईपर्यंत. कानाच्या पुढे, दोन्हीकडे.

दाढदुखी (१८ जानेवारी, दुपारी २:१०)

मग आरशासमोर उभ्या राहा. दोन्ही हातांची बोटं जबड्याच्या कोपऱ्यावर, कानाखाली ठेवा आणि दात आवळा. जो गोळा टुणकन वर येतो तो चावायचा स्नायू. तो दाबून दुखतो का बघा. मग जीभ बाहेर काढा. कडेला दातांचे ठसे, करंजीच्या कडेसारखी नक्षी? गालाच्या आतून पांढरी आडवी रेघ? असेल तर तुम्ही झोपेत दात आवळताय किंवा खाताय. अशा माणसाला स्वतःला पत्ता नसतो, शेजारी झोपणाऱ्याला कधी कधी आवाज येतो.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. नुसतं बसलेलं असताना वरचे-खालचे दात एकमेकांना लागायलाच नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, ही जबड्याची विश्रांती. आत्ता हे वाचताना किती जणांचे दात टेकलेले आहेत, हात वर करा.

बोर्डाच्या परीक्षेआधी आणि मार्चएंडला माझ्याकडे भेगाळलेल्या दाढा आणि निखळलेल्या सिमेंट्स वाढतात. पुरानंतरच्या तीन-चार महिन्यांत तसंच झालं. वही ठेवलेली नाही, नुसता अंदाज सांगतोय.

शेवउसळ (१८ जानेवारी, दुपारी २:१४)

हात वर.

पापडी (१८ जानेवारी, दुपारी २:२०)

अरे देवा. माझाही.

खडूस (१८ जानेवारी, रात्री ९:३०)

माझं मत कुणाला आवडणार नाही. 'टेन्शन' ही वैद्यकशास्त्राची कचरापेटी आहे. जे कळत नाही ते तिच्यात टाकायचं. माझ्या काकांना वीस वर्षं अल्सर होता. प्रत्येक डॉक्टर म्हणायचा, बँकेची नोकरी, टेन्शन, दूध प्या, तिखट सोडा. बिचाऱ्यांनी शेवउसळ सोडली, बढती नाकारली. आणि अखेर निघाले काय, तर जंतू! ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो जंतू वाढवून दाखवला. कुणी ऐकेना म्हणून मार्शलने १९८४ मध्ये त्या जंतूंचं पाणी स्वतः प्यायलं आणि पोट बिघडवून घेतलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. काका दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकने बरे झाले. बढती मात्र गेली ती गेलीच.

तेव्हा ताई, 'टेन्शन आहे' ऐकून घरी येऊ नका. शोधायला लावा.

सराफ्याचा_खवय्या (१८ जानेवारी, रात्री १०:१५)

इंदूरहून लिहितोय. खडूसभाऊंना जोरदार अनुमोदन, आणि माझी गोष्ट त्यांच्यापेक्षा कडू आहे.

बाबा रिटायर झाले त्याच हिवाळ्यातली गोष्ट. छातीच्या मधोमध जड वाटायचं, ढेकरा यायच्या. आदल्या रात्री आम्ही सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खाल्ला होता, त्यामुळे खापर गराडूवर. ओळखीच्या एकांनी नाडी बघून सांगितलं, गॅस आहे, रिटायरमेंटचं टेन्शन आहे, फिरायला जात जा. बाबा आज्ञाधारक. तीन दिवस चूर्ण खाल्लं आणि चौथ्या दिवशी सकाळी फिरायला निघाले. राजेंद्रनगरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बसले. शर्ट पिळून काढावा इतका घाम. डावा हात वगैरे काही दुखला नाही. मुख्य नस बंद होती. स्टेंट पडला, वाचले, आता परत गराडूच्या गाडीकडे चोरून बघतात.

तेव्हापासून आमच्या घरात 'टेन्शन' शब्द उच्चारायला बंदी आहे. आधी ईसीजी, मग तत्त्वज्ञान.

नाडीपरीक्षक (१९ जानेवारी, सकाळी ६:५०)

(नावावर जाऊ नका, ॲलोपॅथीवाला फिजिशियन आहे.) खडूस आणि खवय्या यांच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. तरीही ताईंच्या तक्रारी पुराशी जोडलेल्या आहेत असं मला वाटतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सविस्तर लिहितो, रविवार आहे.

'मी त्या वेळी ठणठणीत होते' या वाक्यातच उत्तर आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ॲड्रिनल ग्रंथी असतात. संकट दिसलं की त्यांच्या गाभ्यातून ॲड्रिनलिन सुटतं, सेकंदांत. नाडी वाढते, रक्त पोटातून आणि कातडीतून स्नायूंकडे वळतं. त्यामागून, काही मिनिटांनी, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा निरोप पिट्युटरी ग्रंथीमार्फत पोचतो आणि ग्रंथींच्या सालीतून कॉर्टिसॉल येतं. ते साखर वर ठेवतं आणि सूज, दाह दाबून टाकतं. दम्याला, खाजेला, सांधेदुखीला आम्ही जी स्टिरॉइडं देतो ती याच्याच जातकुळीची. हायड्रोकॉर्टिसोन म्हणून जे औषध मिळतं ते तर कॉर्टिसॉलच. म्हणजे चिखल उपसताना तुम्ही घरच्या घरी स्टिरॉइडवर होतात. शिंक कशी येणार?

केसांचं गणित सोपं आहे. डोक्यावरचे बहुतेक केस वाढत असतात, दहातला एखादा विश्रांतीत असतो. मोठा धक्का बसला (ताप, बाळंतपण, ऑपरेशन, शोक, पूर) की वाढणारे पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. पण ते लगेच पडत नाहीत. विश्रांती दोन-तीन महिन्यांची असते, मग सगळे एकदम गळतात. ऑगस्टअखेर अधिक तीन महिने म्हणजे नोव्हेंबरअखेर. तुम्ही स्वतःच तारीख लिहिली आहे. पापडीताई, म्हणून तिघींचे एकाच वेळी गळतायत. शांपू निर्दोष, फिल्टर निर्दोष, देवीलाही त्रास देऊ नका. टाळूवर चट्टे नसतील तर बहुधा सहा-आठ महिन्यांत भरून येतात.

पहाटेच्या तीनचं असं, की रात्रीच्या उत्तरार्धात झोप मुळातच उथळ असते. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं आणि पहाटे चढू लागतं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं. सावध झालेल्या मेंदूला ती चढण जागं करायला पुरते. धडधड घड्याळ बघण्याआधी सुरू होते की नंतर, हे एकदा तपासा.

आता खडूस, तुमच्यासाठी. ताणाने शरीर बिघडतं ही कल्पना मांडली तीच मुळी उंदरांवरून. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक छोटं पत्र छापलं. उंदरांना थंडी दिली, दमवलं, जखम केली, विषारी औषध टोचलं, काहीही केलं तरी आत तेच तीन बदल: ॲड्रिनल फुगलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, पोटात व्रण. तिथून 'ताणाने अल्सर' सगळीकडे पसरलं आणि तुमच्या काकांची शेवउसळ गेली. माणसाच्या अल्सरमागे बहुतेक वेळा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे मार्शल-वॉरननंतर पक्कं झालं. सेल्ये यांचं बाकी काम त्यामुळे खोटं ठरत नाही.

आणि ताई, 'सगळं नॉर्मल' मध्ये फेरिटिन होतं का? हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाची शिल्लक संपत आलेली असू शकते. बायकांचे केस गळताना ते बघायलाच हवं. पाळी जास्त जाते का, हेही. ते पाहिल्याशिवाय 'टेन्शन छे' म्हणणं मला पटत नाही.

शुद्धलेखन (१९ जानेवारी, सकाळी ९:१२)

डॉक्टरसाहेब, रक्त पोटाकडून वळतं म्हणजे 'पोटात गोळा येणं', कातडीकडून वळतं म्हणजे 'हातपाय गार पडणं', लाळ आटते म्हणजे 'तोंडचं पाणी पळणं'. आमच्या आज्यांना ॲड्रिनल माहीत नव्हती, लक्षणं मात्र पाठ होती. 'जिवाला घोर लागणं' कुठे बसतं?

नाडीपरीक्षक (१९ जानेवारी, सकाळी ९:४०)

ते बसतंच नाही, तिथेच तर घोटाळा आहे. गोळा येतो आणि जातो. घोर जात नाही.

दांडियाबाजारकर (१९ जानेवारी, संध्याकाळी ५:२५)

मी वयाने तुम्हा सगळ्यांचा काका. लहानपणी प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात मलखांब केलेला माणूस, त्यामुळे 'टेन्शन' हा प्रकार आपल्याला होत नाही अशी माझी पंचाहत्तरीपर्यंत समजूत होती.

पुरात आमच्याकडे पाणी आलं नाही. आम्ही वरच्या मजल्यावर, नुसतं बघत होतो. तर मला जे आठवतं ते असं: पाऊस थांबला, आकाश उघडलं, आमच्या हिने अंथरुणं उन्हात टाकली, आणि पाणी त्यानंतर चढलं! वरचं आजवा धरणाचं पाणी नदीत आलेलं, ते शहरात मागाहून पोचलं. लोक गच्चीवरून विचारत होते, 'पाऊस तर गेला, हे कुठलं?' विश्वामित्रीकाठच्या ताई, तुमचा जबडा मला तसाच वाटतो. पाऊस ऑगस्टचा, पाणी नोव्हेंबरचं.

माझं पाणी बीपीत चढलं. दवाखान्यात मोजलं की १६०/१००. डॉक्टरांनी गोळी सुरू करायचं काढलं. मुलीने हट्टाने मशीन आणलं, आठवडाभर घरी मोजायला लावलं: पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, बोलायचं नाही. १२८/८०, १३०/७८, १२६/८२. दवाखान्यातल्या पांढऱ्या कोटाला पाहूनच माझं बीपी उसळतं! मलखांबावर उलटा लटकणारा मी, एका पट्ट्याला घाबरतो.

नाडीपरीक्षक (१९ जानेवारी, संध्याकाळी ६:०२)

काका, ते आजव्याचं मी उद्यापासून पेशंटना सांगणार, परवानगी द्या. बीपीबद्दल एक जोड: पांढऱ्या कोटाचं बीपी पूर्ण निरुपद्रवी समजू नका. अशांपैकी काहींचं पुढे खरंच कायमचं वाढतं. सहा महिन्यांतून आठवडाभर घरी मोजत राहा.

आरोग्यधन (१९ जानेवारी, रात्री ८:००)

अश्वगंधा रोज रात्री दुधातून. कॉर्टिसॉल मुळापासून जातं. हवं असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, घरपोच.

नाडीपरीक्षक (१९ जानेवारी, रात्री ८:११)

कॉर्टिसॉल मुळापासून गेलं तर माणूस जातो, त्या आजाराला ॲडिसन म्हणतात. अश्वगंधाने यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडचे आकडेही हलू शकतात. आपल्या डॉक्टरला न सांगता घेऊ नये. संपादक, जाहिरात आहे, बघा.

उंबरा (२० जानेवारी, रात्री १२:५०)

सगळे झोपल्यावर लिहितेय. मांजलपूरला राहते. आईला अल्झायमर, सहावं वर्ष. ती मला 'बेन' म्हणते, कामाची बाई समजते. रात्री दोनदा-तीनदा उठून दाराची कडी काढायला जाते, म्हणून मी दाराला खाट लावून झोपते.

डिसेंबरात मनगटाच्या आत कढईचा चटका बसला. नखाएवढा. अजून भरत नाहीये. खपली धरते, परत ओलं. शुगर नाही, दोनदा तपासली. शेजारची म्हणाली, तू नीट जेवत नाहीस. जेवते. ताणाने जखम भरायला उशीर होतो का? मूर्ख प्रश्न असेल तर सोडून द्या.

नाडीपरीक्षक (२० जानेवारी, सकाळी ६:४५)

अजिबात मूर्ख नाही. तुमच्यासारख्याच बायकांवर हा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या १३ बायका घेतल्या, त्यांच्याच वयाच्या, असा भार नसलेल्या १३ घेतल्या आणि प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. छोटा अभ्यास, पण नंतर परीक्षेच्या आधी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर जखम करून बघितलं, तिथेही तेच. जखमेत सुरुवातीला जो दाह लागतो, तोच कॉर्टिसॉल दाबतं.

तरी पाच-सहा आठवडे न भरणारा चटका कुणाला तरी दाखवाच, जंतुसंसर्ग असू शकतो. आणि मलमापेक्षा मोठं औषध म्हणजे आठवड्यातल्या दोन रात्री तुम्हाला सलग झोप. कोण देऊ शकेल? भाऊ, बहीण?

उंबरा (२० जानेवारी, रात्री ११:३०)

भाऊ आहे. पुण्याला. फोन करतो, 'तू आहेस म्हणून निश्चिंत आहे' म्हणतो.

पापडी (२० जानेवारी, रात्री ११:३४)

त्या निश्चिंत भावाला हा धागा पाठवा.

शेवउसळ (२१ जानेवारी, सकाळी १०:२०)

टेन्शनने सर्दी होते का? ऑडिट आलं की मला हटकून होते.

नाडीपरीक्षक (२१ जानेवारी, दुपारी १:३०)

विषाणूशिवाय नाही, पण विषाणू असताना, हो. १९९१ चा शेल्डन कोहेन यांचा प्रसिद्ध प्रयोग: ३९४ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. ताण कमी असलेल्यांत साधारण २७ टक्क्यांना सर्दी झाली, जास्त असलेल्यांत ४७ टक्क्यांना. विषाणू पाच प्रकारचे होते, पाचांतही तसंच दिसलं.

खडूस (२१ जानेवारी, रात्री ९:०५)

हे मान्य. मोजून दाखवलं की मी भांडत नाही. मग सांगा, 'धक्क्याने हृदय थांबलं' हे सिनेमात दाखवतात, ते खरं?

नाडीपरीक्षक (२१ जानेवारी, रात्री १०:००)

१७ जानेवारी १९९४ ला पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. त्या भागात अचानक हृदय थांबून मरणारे आधीच्या आठवड्यात रोज सरासरी ४.६. त्या दिवशी २४. पुढच्या सहा दिवसांत तो आकडा नेहमीपेक्षाही खाली गेला. म्हणजे ज्यांच्या नसा आधीच कुरतडलेल्या होत्या त्यांना भूकंपाने थोडं अलीकडे ओढलं. निरोगी हृदय असं सहसा थांबत नाही.

दुसरा प्रकार जपान्यांनी १९९० मध्ये ओळखला, ताकोत्सुबो. ऑक्टोपस पकडायचं मडकं असतं, हृदयाचा डावा कप्पा तसा फुगतो. ईसीजी, रक्ततपासणी हार्ट अटॅकसारखी, नसा मात्र मोकळ्या. बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या बायका, बरेचदा नुकतंच कुणी गेलेलं असतं. बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. पण तो प्रकार आहे की खरा अटॅक, हे घरी बसून ठरत नाही. छातीत दडपण आलं की १०८.

दांडियाबाजारकर (२२ जानेवारी, सकाळी ८:१५)

उपाय कुणी सांगितलाच नाही. आमची ही रोज संध्याकाळी माळ ओढते. तेवढा वेळ तिचं बीपी माझ्यापेक्षा चांगलं असतं. मी नास्तिक, मी काय करू?

नाडीपरीक्षक (२२ जानेवारी, दुपारी २:००)

काका, यावरही काम झालंय. इटलीत लुचियानो बर्नार्दी यांनी लोकांना ख्रिस्ती माळ आणि 'ओम मणि पद्मे हुम्' म्हणायला लावलं. २००१ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो (आपण एरवी बारा ते वीस घेतो), आणि त्या लयीत रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा जास्त चांगली चालते. देव मानायची अट नाही. पाच सेकंद आत, पाच बाहेर, दहा मिनिटं. नाहीतर काकूंच्या शेजारी बसून माळेचे मणी मोजा.

यापलीकडे मी चालणं सांगतो आणि झोपेची ठरलेली वेळ सांगतो. 'टेन्शन घेऊ नका' हे मी पेशंटला म्हणत नाही. ते काय कुणी दुकानातून घेतं?

विश्वामित्रीकाठची (२२ मार्च, रात्री १०:०५)

धागा वर काढतेय. बोर्ड संपलं. हिशेब देते.

फेरिटिन केलं. ९ आलं. डॉक्टर बदलले, नव्या बाईंनी पाळीबद्दल सविस्तर विचारलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. म्हणजे 'सगळं नॉर्मल' नव्हतंच, कुणी बघितलं नव्हतं. खडूसभाऊ, तुमचा एक गुण.

दाढदुखींनी सांगितल्याप्रमाणे आरशात पाहिलं: जिभेला करंजीची कड. दातांवर बसवायचं रात्रीचं गार्ड करून घेतलं. पहिल्या महिन्यातच त्यावर चरे पडले. ते चरे पाहून नवऱ्याला पहिल्यांदा पटलं की मी नाटक करत नव्हते. (त्याला चरे दाखवावे लागले याचा राग वेगळा.) मान आता वर जाते. कपाळाच्या कडेने नवे केस आलेत, आखूड, उभे, तेल लावलं तरी बसत नाहीत.

पहाटेची जाग आहे. पण एक कळलं, डॉक्टरांनी तपासायला सांगितलं होतं ते. धडधड घड्याळाच्या आधी नसते. जाग आली की मी कान देते. कशाला? मोटारच्या खोलीत पाणी शिरल्याचा गुळगुळ आवाज येतो का, ते ऐकत असते. मार्चमध्ये! ते कळल्यावर उठून एकदा दिवा लावून फरशी बघते, कोरडी असते, परत झोपते. पूर्वी ऐकत पडून राहायचे.

उंबरा (२३ मार्च, रात्री १:१५)

चटका भरला. पांढरा डाग राहिला. भाऊ फेब्रुवारीत दहा दिवस येऊन राहिला. चौथ्या दिवशी आईने त्याला चोर समजून झाडू मारला. आता फोनवर 'निश्चिंत' म्हणत नाही.

दाढदुखी (२३ मार्च, सकाळी ७:२०)

झाडूबद्दल आजींना माझा नमस्कार.

विश्वामित्रीकाठची (१९ जून, रात्री ९:४०)

पाऊस लागला. कागदपत्रं माळ्यावर टाकली, फ्रिजखाली विटा लावल्या. नदीच्या पातळीचे मेसेज सुरू झालेत, तासातासाला. हे टाइप करताना लक्षात आलं, दात घट्ट. सोडले. परत घट्ट. परत सोडले.

पापडी (१९ जून, रात्री ९:५२)

आमच्याकडे या ना, तिसरा मजला. सासूबाईंनाही आणा. आणि ते फेरिटिन उपाशीपोटी करायचं असतं का? उद्या जातेय.

विश्वामित्रीकाठची (१९ जून, रात्री ९:५८)

नुसत्या फेरिटिनला नाही म्हणाले लॅबवाले. मी आपली चहा पिऊन गेले होते.